मुलांना कष्टाची गोडी : इस्लामी शिकवणीतून पालकांसाठी काही दिशा

कष्टाची सवय आणि कष्टाची गोडी या दोन भिन्न गोष्टी असून, पहिली धाकाने लावता येते, दुसरी मात्र धाकाने लागत नाही, हे मुलांच्या संगोपनाचा विचार करताना सर्वप्रथम लक्षात घ्यावे लागते. धाकाने अभ्यासाला बसलेले मूल धाक दूर होताच उठते. ज्या मुलाला आपल्या हातून काही घडल्याचे समाधान ठाऊक झालेले असते, ते मात्र कोणी पाहत नसतानाही हातातले काम पुरे करते. कुरआन आणि हदीस (पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची वचने, कृती व संमती यांच्या नोंदींना हदीस म्हणतात) यांत श्रमाविषयी जी शिकवण आढळते, तिचा रोख मुख्यतः या गोडीकडे आहे. त्या शिकवणीचा पालकांच्या दृष्टीने विचार केला, तर तिच्यातून तीन अटी हाती लागतात : मुलाला काम प्रतिष्ठेचे वाटले पाहिजे, ते वडीलधाऱ्यांच्या सोबतीने झाले पाहिजे आणि ते त्याच्या वयाच्या मापाचे असले पाहिजे. यांपैकी एखादी अट सुटली की कष्ट ही मुलाला शिक्षा वाटू लागते.

कष्टावर उभे राहिलेले निरनिराळे समाज शेजारी-शेजारी नांदत असल्याने ठाण्यातील टेंभी नाक्याचा परिसर या शिकवणीला अनुकूल आहे. १७८० साली उभारलेली पारशी अग्यारी, १८७९ सालचे बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग आणि जैन मंदिर येथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असून, नवरात्रातील देवीच्या उत्सवासाठी हा नाका सर्वत्र प्रसिद्ध आहे. तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून कोकणात ओळखला गेलेला बेने इस्रायली समाज हाताच्या कामावर उभा राहिला. ठाणे जिल्ह्यातील मुस्लीम समाजाचा इतिहासही याहून वेगळा नाही. गलबतांवर आणि पुढे आगबोटींवर खलाशी म्हणून राबलेले व थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाऊन स्थिरावलेले कोकणी मुसलमान, तसेच उत्तर हिंदुस्थानातून येऊन भिवंडीत आधी हातमाग आणि नंतर यंत्रमाग चालवणारे मोमीन विणकर, ही या जिल्ह्यातील कष्टाची परंपरा होय. राबोडी, मुंब्रा, कल्याण किंवा भिवंडी येथे वाढणाऱ्या मुलाला मेहनतीचे धडे देताना पालकांना उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही. आजोबा काय काम करीत होते, हे मुलाला सविस्तर सांगणे, ही या शिक्षणाची पहिली पायरी ठरू शकते.

श्रमाची प्रतिष्ठा

कुरआनातील ‘अन-नज्म’ या सूरहमध्ये (सूरह म्हणजे कुरआनाचा अध्याय) माणसाच्या पदरी त्याने केलेल्या प्रयत्नाखेरीज दुसरे काही पडत नाही, असा आशय आलेला आहे. ‘अल-जुमुआ’ या सूरहमध्ये शुक्रवारची नमाज पुरी होताच भूमीवर पांगून अल्लाहच्या कृपेचा, म्हणजेच उपजीविकेचा, शोध घेण्यास सांगितले आहे. उपासना आणि रोजी यांच्यामध्ये येथे भिंत उभी केलेली नाही, ही बाब मुलांना समजावून देण्यासारखी आहे. आपल्या हातच्या कमाईहून चांगले अन्न कोणी कधी खाल्लेले नाही आणि पैगंबर दाऊद (अ.) हे स्वतःच्या हातच्या कामावर जगत असत, अशा आशयाची हदीस ‘सहीह बुखारी’ या सर्वमान्य संग्रहात आहे. दोरी घेऊन रानात जावे, लाकडाची मोळी पाठीवर आणून विकावी, हे लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा श्रेष्ठ होय, असेही त्याच संग्रहात नोंदलेले आहे.

लहान मुलांना तत्त्वापेक्षा माणसे लवकर कळतात, म्हणून पैगंबरांच्या कथा सांगताना त्यांच्या कामाचा तपशील गाळू नये. नूह (अ.) यांनी लोकांची टिंगल सोसत नौका बांधली, दाऊद (अ.) लोखंडाची चिलखते घडवीत, जकरिया (अ.) सुतारकाम करीत, मूसा (अ.) यांनी मदयन येथे आठ ते दहा वर्षांच्या करारावर चाकरी पत्करली आणि स्वतः हजरत मुहम्मद (स.) यांनी लहान वयात मक्केच्या लोकांची मेंढरे मोबदला घेऊन चारली, ही माहिती कुरआन व हदीसमधून मिळते. या कथा चमत्कारांपुरत्या सांगितल्या, तर मुलाच्या मनात केवळ आश्चर्य उरते. घाम, वेळ आणि चिकाटी यांसह सांगितल्या, तर सुतार, लोहार आणि मेंढपाळ यांच्याविषयीचा आदर त्या कथांबरोबरच रुजतो.

हिजरतीनंतर, म्हणजे मक्केहून मदिनेस झालेल्या स्थलांतरानंतर, पैगंबरांचे सोबती अब्दुर्रहमान इब्न औफ यांना त्यांचे मदिनेतील बंधुवत यजमान साद इब्न रबी यांनी आपली निम्मी संपत्ती देऊ केली असता, त्यांनी दुआ देऊन ती नाकारली व बाजाराचा रस्ता तेवढा विचारला. चीज आणि तूप यांच्या छोट्या व्यवहारापासून आरंभ करून ते पुढे मोठे व्यापारी झाले. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ही घटना सांगून, ‘त्यांच्या जागी तू असतास तर काय केले असतेस?’ असे विचारावे आणि त्याचे उत्तर मध्येच न तोडता ऐकून घ्यावे.

प्रतिष्ठेची खरी परीक्षा मात्र घरातल्या भाषेत होते. शिकला नाहीस तर हमाली करावी लागेल, असे जेव्हा सहज बोलले जाते, तेव्हा ठाणे स्थानकातील हमालाचा अवमान होतोच, शिवाय अंगमेहनत ही नापासांची शिक्षा आहे हेही मुलाच्या मनावर ठसते. ही भाषा घरातून कटाक्षाने काढून टाकावी. इमारतीचा सफाई कामगार, रिक्षाचालक, पावभट्टीवरचा कारागीर यांना सलाम किंवा नमस्कार करण्याची, त्यांना नावाने व आदराने हाक मारण्याची सवय मुलांना लावावी. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्यापूर्वी द्यावी, या आशयाची हदीस ‘सुनन इब्न माजा’ या संग्रहात आहे. घरी आलेल्या गवंड्याचे किंवा प्लंबरचे पैसे मुलाच्या देखत, वेळेवर आणि घासाघीस न करता दिले, तर या हदीसचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

नियत : काम कशासाठी हे कळणे

नियत म्हणजे कृतीमागचा हेतू. कर्मांचे मोल हेतूंवर ठरते, या आशयाच्या हदीसनेच इमाम बुखारी यांनी आपल्या संग्रहाचा आरंभ केला आहे. योग्य हेतूने केलेले साधे काम हीदेखील इबादत, म्हणजे उपासना होय, असा अर्थ विद्वानांनी तीवरून काढला. एखाद्याने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या धान्याचे माणसाने, पाखराने अथवा जनावराने काही खाल्ले, तर ते त्याच्या खाती सदका, म्हणजे ऐच्छिक दान, म्हणून जमा होते, असेही हदीसमध्ये आले आहे.

याचा व्यवहारातील उपयोग असा की, मुलाला काम सांगताना त्याचा उपयोग कोणाला होणार आहे तेही सांगावे. ‘पाणी भरून ठेव’ एवढेच म्हणण्याऐवजी, दादी फजरला (पहाटेच्या नमाजला) उठतील तेव्हा त्यांना वुजूसाठी, म्हणजे नमाजपूर्व हातपाय धुण्यासाठी, पाणी तयार मिळेल, असे सांगितले की त्याच कामाला चेहरा मिळतो. काम झाल्यावर दादींनी दिलेली दुआ ही मुलाच्या दृष्टीने मोठी मिळकत असते. अभ्यासाच्या बाबतीतही केवळ गुणांचा आकडा पुढे न ठेवता, गणित आले तर अब्बांच्या दुकानाचा हिशेब तपासता येईल किंवा शेजारच्या लहान मुलाला शिकवता येईल, असा जवळचा आणि समजणारा हेतू दाखवावा.

सोबत : आधी मोठ्यांचे हात

घरात पैगंबर (स.) काय करीत असत, या प्रश्नाला त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी दिलेले उत्तर असे की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी बाहेर पडत. चप्पल दुरुस्त करणे, कपडे शिवणे ही कामे ते स्वतः करीत, असेही अन्य नोंदींत आले आहे. इ.स. ६२७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खणला जात असताना त्यांनी स्वतः माती वाहिली. सर्वजण भुकेने व थंडीने गांजलेले असतानाही मिळून काव्यपंक्ती म्हणत खणत होते, अशी नोंद आहे. मोठ्यांचा सहभाग आणि एकत्र गाणे यांमुळे कष्ट हलके होतात, हे या प्रसंगातून दिसते. घरकामाच्या वेळी नअत (पैगंबरांच्या स्तुतीचे गीत) किंवा पाढे मिळून म्हणणे, हे त्याचे आजचे रूप ठरू शकते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कित्येक पालक सकाळी लोकलने मुंबईस जातात आणि रात्री उशिरा थकून परततात, त्यामुळे मुलांना त्यांचे कष्ट दिसत नाहीत, दिसतो तो फक्त त्यांचा थकवा. यासाठी दोन उपाय करता येतील. आठवड्यातील एक ठरावीक काम, उदाहरणार्थ रविवारी पंखे पुसणे, चादरी धुणे किंवा सायकल साफ करणे, वडील आणि मुलांनी मिळूनच करावे. तसेच वर्षातून एकदा तरी मुलाला आपल्या कामाच्या ठिकाणी न्यावे, आणि तेथे काय तयार होते, त्यात आपला वाटा कोणता, हे त्याला दाखवावे.

सोबतीचा विचार करताना मुलगा आणि मुलगी असा भेद करता कामा नये. ज्या घरात भाऊ ताटावरून तसाच उठतो आणि ते ताट बहीण उचलते, त्या घरात मुलीला कष्टाचा जाच होतो आणि मुलाला आळसाचा वारसा मिळतो. पैगंबरांची कन्या हजरत फातिमा यांच्या हातांना जाते ओढून घट्टे पडले होते आणि त्या मदतनीस मागण्यासाठी आल्या असता, झोपण्यापूर्वी अल्लाहचे स्मरण करण्याचा जो पाठ त्यांना दिला गेला तो ‘तस्बीह-ए-फातिमा’ म्हणून प्रसिद्ध आहे. हा प्रसंग मुलींना सोशिक होण्यास सांगण्यासाठी वापरू नये; आपल्या घरी स्वतः घरकामाला हात लावणाऱ्या पैगंबरांच्या (स.) शिकवणीचा भाग म्हणून तो मुलग्यांनाही सांगावा.

थोडे, पण नित्य

अल्लाहला सर्वांत प्रिय असलेले कर्म म्हणजे जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते ते, असा आशय बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आला आहे. या सातत्याला इस्तिकामत म्हणतात. पाच वेळच्या नमाजमुळे मुस्लीम घराच्या दिवसाला मुळातच आखणी मिळालेली असते, आणि तिचा उपयोग करून घेणे सोपे आहे : असरनंतर, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतर, खेळ, मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, अभ्यास, आणि इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर, दप्तर भरून झोप. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी एका बैठकीत वीस मिनिटांचे लक्षपूर्वक काम पुरेसे मानावे आणि ते जमू लागल्यावरच वेळ वाढवावा.

हिफ्ज, म्हणजे संपूर्ण कुरआन मुखोद्गत करणे, हे सातत्याचे उत्तम उदाहरण मकतबात (लहान मुलांच्या धार्मिक पाठशाळेत) आणि मदरशात मुलांच्या डोळ्यांसमोर असते. तेथे रोजच्या नव्या पाठाला ‘सबक’ आणि मागील पाठांच्या उजळणीला ‘आमोख्ता’ म्हणतात. सबक कितीही छोटा असला तरी आमोख्ता चुकवता येत नाही. हीच पद्धत शाळेच्या अभ्यासाला लावली, म्हणजे नवे चार शब्द आणि कालचे बारा शब्द असा क्रम ठेवला, तर आपल्याला येते आहे हा अनुभव मुलाला रोज मिळतो, आणि कष्टाच्या गोडीचे मूळ याच अनुभवात आहे.

रोजे, म्हणजे उपवास, मुलांना कसे शिकवले जात, याविषयी रुबय्यिअ बिन्त मुअव्विज यांनी सांगितलेली आठवण या संदर्भात फार मोलाची आहे. आशूराच्या, म्हणजे मुहर्रमच्या दहाव्या दिवसाच्या, उपवासाला मदिनेतील स्त्रिया लहान मुलांनाही सामील करून घेत, त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी बनवीत आणि मूल भुकेने रडू लागले की रोजा सोडण्याच्या वेळेपर्यंत त्याला ते खेळणे देत. येथे कठीण गोष्ट टाळलेली नाही आणि लादलेलीही नाही. तिच्या शेजारी खेळ ठेवला आहे. आपल्याकडे मुलाच्या पहिल्या रोजाच्या वेळी ‘रोजाकुशाई’चा छोटा समारंभ होतो, तोही याच वृत्तीचा आहे. असा आनंद फक्त रोजापुरता न ठेवता, पहिल्यांदा स्वतः केलेली चपाती, पहिल्यांदा बिनचूक म्हटलेला सतराचा पाढा, पहिल्यांदा एकट्याने आणलेला बाजार यांचेही घरगुती कौतुक व्हावे.

कौतुक, बक्षीस आणि दिलेला शब्द

हजरत अनस हे बालपणापासून दहा वर्षे पैगंबरांच्या सेवेत होते आणि त्या काळात त्यांना एकदाही ‘उफ’ असा त्रासिक उद्गार ऐकावा लागला नाही, किंवा अमुक का केलेस, तमुक का केले नाहीस, असा जाब द्यावा लागला नाही, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. अकराव्या शतकातील विचारवंत इमाम गजाली (१०५८–११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात मुलाच्या चांगल्या कृतीचे चारचौघांत कौतुक करावे, पहिल्या चुकीकडे शक्यतो काणाडोळा करावा आणि पाठशाळा सुटल्यावर त्याला मनसोक्त खेळू द्यावे, अन्यथा त्याचे मन मरगळते, असे प्रतिपादन केले आहे.

आधुनिक मानसशास्त्राचे निष्कर्ष याच्याशी जुळणारे आहेत. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘तू हुशार आहेस’ अशी स्तुती झालेल्या मुलांनी अपयशानंतर लवकर हार मानली व त्यांना कामातला आनंदही कमी वाटला, तर ‘तू मेहनत घेतलीस’ अशी स्तुती झालेली मुले अवघड कामाकडेही उत्साहाने वळली, असे आढळले. त्याआधी १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, मुळात आवडीने चित्रे काढणाऱ्या बालकांना बक्षिसाचे आमिष आधीच दाखवले, तर पुढे त्यांची चित्रांची आवडच घटते. म्हणून घरातल्या नित्याच्या कामासाठी पैसे देण्याची प्रथा पाडू नये; काम संपल्यावर अनपेक्षितपणे काही द्यावे आणि कौतुक करताना नेमके काय चांगले झाले ते सांगावे. ‘शाब्बास’ एवढ्यावर थांबण्यापेक्षा, चुकलेले गणित तिसऱ्यांदा न कंटाळता सोडवलेस, हे सांगणे अधिक परिणामकारक असते.

मात्र एखादी वस्तू देण्याचा शब्द दिला असेल, तर तो मोडता कामा नये. एका आईने आपल्या मुलाला काही देण्याचे सांगून बोलावले असता, तू खरोखर काय देणार होतीस, असे पैगंबरांनी तिला विचारले. तिने खजूर असे सांगितल्यावर, काहीच दिले नसते तर हे तुझ्या नावे असत्य म्हणून लिहिले गेले असते, असे ते म्हणाले, अशी नोंद ‘सुनन अबू दाऊद’मध्ये आहे. मोडलेल्या शब्दामुळे मुलाचा पालकांवरील विश्वास जातो आणि मेहनतीवरीलही जातो.

मर्यादा : कोठे थांबावे

कष्टाची गोडी लावणे आणि मुलाला कमाईला जुंपणे यांत गल्लत होऊ नये. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी लहान मुलांवर कमावून आणण्याची सक्ती करू नका, कारण कमाई मिळाली नाही तर ते चोरी करतील, असे बजावले होते, अशी नोंद इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात आहे. भारतात १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवण्यास मनाई असून, १४ ते १८ वयाच्या किशोरांना धोकादायक व्यवसायांत ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत स्वतःच्या कुटुंबाला बिनधोक कामात मदत करण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे. भिवंडीतील मुलाने माग कसा चालतो हे पाहावे आणि विणकराच्या कौशल्याचा अभिमान बाळगावा, परंतु त्याची जागा शाळेतच आहे, याविषयी धर्म आणि कायदा यांच्यात मतभेद नाही.

सतत रात्री उपासना आणि दिवसा रोजे करणाऱ्या अब्दुल्लाह इब्न अम्र यांना, तुझ्या शरीराचा आणि डोळ्यांचाही तुझ्यावर हक्क आहे, याची जाणीव पैगंबरांनी करून दिली होती. शाळा, शिकवणी आणि मकतब यांच्यामध्ये ज्या मुलाला खेळायला तासभरही मिळत नाही, त्याच्या बाबतीत ही जाणीव पालकांनी ठेवायला हवी. इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात कठोर शिक्षेने वाढलेली मुले निरुत्साही आणि आळशी होतात, मारापासून वाचण्यासाठी खोटे बोलू लागतात, असे स्पष्ट नोंदवले आहे. सहा शतकांपूर्वीच्या या निरीक्षणानंतरही मकतबात किंवा घरात छडी वापरली जात असेल, तर तिला धर्माचा आधार देऊ नये.

अपयश आल्यावर

मेहनत करूनही फळ मिळाले नाही, हा अनुभव प्रत्येक मुलाला येतो, आणि गोडी टिकते की नाही ते त्या वेळी ठरते. जे हिताचे आहे त्यासाठी झटावे, अल्लाहची मदत मागावी, हातपाय गाळू नयेत आणि घडून गेल्यावर ‘असे केले असते तर’ या विचारात गुरफटू नये, असा उपदेश ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. तवक्कुल, म्हणजे ईश्वरावरील भरवसा, हा प्रयत्नाला पर्याय नसून प्रयत्नानंतरचा टप्पा आहे. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही तिरमिजी यांच्या संग्रहातील शिकवण मुलांना चटकन कळते. दहावीचा निकाल मनासारखा लागला नाही, तर त्या दिवशी तुलना व दोषारोप टाळून मुलाला जवळ घ्यावे, आणि दोन-चार दिवसांनी शांतपणे बसून, अभ्यासाच्या पद्धतीत कोणता एक बदल करायचा, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे. हातात रोप असताना कयामत (सृष्टीचा अंतिम दिवस) आली तरी जमल्यास ते लावून टाकावे, ही शिकवण फळाच्या हिशेबापलीकडे जाऊन कामाचे मोल सांगते.

वर सांगितलेल्या सर्व गोष्टी एकाच वेळी सुरू करण्याचा प्रयत्न पालकांनी करू नये, कारण तो ‘थोडे, पण नित्य’ या तत्त्वाच्याच विरुद्ध जाईल. येत्या जुम्म्यापासून (शुक्रवारपासून) प्रत्येक मुलासाठी त्याच्या वयाला झेपेल असे एकच काम निश्चित करावे, त्या कामाचा उपयोग कोणाला होतो ते त्याला सांगावे, पहिले काही दिवस त्याच्या बरोबरीने ते स्वतः करावे, आणि चाळीस दिवस त्यात खंड पडू देऊ नये. चुकले तर रागावण्याऐवजी दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबर बसावे. मशिदींच्या इमामांनी जुम्म्याच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, आणि मकतबाच्या शिक्षकांनी आपल्या वर्गात हाच विषय वर्षातून काही वेळा घ्यावा, तसेच घराघरांतील वडील मंडळींनी मुलांकडून कष्टाची अपेक्षा करण्यापूर्वी स्वतः घरातले एक काम उचलावे.